विड्याच्या पानावर काढलेली पेशी

माझ्या वर्गात अर्धवट उत्तराला अर्धेच मार्क मिळतात. कुणी कितीही गयावया केली तरी त्यात पाव मार्काचीही भर पडत नाही. धाराशिवच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते आणि मुलांमध्ये माझं नाव ‘खडूस मॅडम’ असंच आहे. मला ते मान्य आहे. ज्यानं अर्धंच लिहिलं त्याला बाकीचं येत होतं की नव्हतं, हे तपासणाऱ्याला कळायचं कसं? हा नियम मी सगळ्यांना लावला, स्वतःला एकदा लावायचा राहिला. त्या वेळी समोर वर्ग नव्हता, माझे वडील होते.

वडिलांना मी अण्णा म्हणायची. कळंबच्या एसटी स्टँडसमोर त्यांची पानाची टपरी होती. दोन वर्षांपूर्वी ते गेले. स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचं काम मी त्यांना समजावून सांगितलं होतं, आणि ते अर्धंच सांगितलं होतं. लिहायचं एवढंच आहे, पण त्याला दोन वर्षं लागली.

टपरी अण्णांनी माझ्या जन्माच्या आधी टाकली. आम्ही बौद्ध. सुरुवातीला गावातली काही जुनी माणसं त्यांच्या हातचं लावलेलं पान खायची नाहीत. त्यांना विडीचा बंद पुडा चालायचा, काडेपेटी चालायची, पान मात्र नको. अण्णा त्यावर कधी बोलले नाहीत, भांडलेही नाहीत. त्यांनी चुना चांगला केला. पाचसात वर्षांत अशी वेळ आली की तीच माणसं स्टँडवरच्या बाकीच्या दोन टपऱ्या ओलांडून आमच्याकडे यायची, कारण अण्णांच्या पानानं तोंड भाजत नाही असा बोलबाला झाला होता. ही गोष्ट आईनं मला सांगितली. अण्णांनी सांगितली असती तर त्यात त्या माणसांचा उल्लेखच आला नसता, नुसता चुनाच असता.

चुना ते स्वतः विझवायचे. आता पिशवीत तयार चुना मिळतो, पण त्यांना तो पटायचा नाही. घरामागं एक जाड बुडाचा माठ होता. त्यात चुन्याच्या कळ्या टाकायच्या आणि वरून पाणी ओतायचं. पाणी पडलं की खाली विस्तव नसताना माठ रटरट उकळायला लागायचा. मी लहान असताना लांब उभी राहून बघायची आणि अण्णा एका हातानं मला आणखी मागं सारायचे. मग तो चुना आठ दिवस मुरत ठेवायचा, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचा, त्यात चमचाभर दही घालायचं. “कच्चा चुना लावला का गिऱ्हाइकाचं तोंड भाजतं,” ते सांगायचे. “आन् मुरलेलाबी जास्त झाला तर भाजतंच. कमी पडला तर पान रंगत न्हाय. काडीच्या टोकावर समदं हाय बग.”

हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल. त्यांच्या मरणाच्या आधी त्याचा अर्थ मला लागायला हवा होता, तो लागला नाही.

या टपरीवर मी शिकले आणि या टपरीची मला लाज वाटत होती, हेही इथंच सांगून टाकते. एम.एस्सी.ला बाहेरगावी होते तेव्हा वडील काय करतात असं कुणी विचारलं तर मी ‘व्यापार’ म्हणायची. कशाचा म्हणून विचारलं तर विषय बदलायची. एकदा अण्णा होस्टेलवर भेटायला आले, तेव्हा त्यांच्या बोटांची पांढरी, भेगाळलेली टोकं मैत्रिणीच्या नजरेला पडू नयेत म्हणून मी त्यांना गेटजवळच्या कट्ट्यावरूनच परत पाठवलं. ते सोबत आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा देऊन गेले. ते कळून गेले की न कळून, हे मी कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती.

अण्णांना साखरेचा आजार बरीच वर्षं होता. गोळ्यांवर भागत होतं. मग भागेनासं झालं. डॉक्टरांनी सांगितलं, तुमच्या स्वादुपिंडातल्या पेशी थकल्यात, आता इन्सुलिन बाहेरून घ्यावं लागेल, सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी. अण्णांनी ते ऐकून घेतलं, पण घरी येईपर्यंत त्यांचा चेहरा उतरला होता. सुईची भीती त्यांना नव्हती. त्यांना लागला होता तो ‘थकल्यात’ हा शब्द. दिवसाचे बारा-बारा तास उभं राहून ज्यानं कधी थकलो म्हटलं नाही, त्याच्या पोटातल्या कुणीतरी परस्पर हात टेकले होते.

“म्या काय खाल्लं असं?” ते मला म्हणाले. “च्या बी बिनसाखरंचा पितो. मंग ह्येंच्या बापाचं काय गेलं थकायला?”

आई त्यांना सुई टोचायची. ते तोंड फिरवून बसायचे. दोन-तीन महिने हे नीट चाललं, साखर आटोक्यात आली. पण माणूस खचला. टपरीवर गिऱ्हाइकाशी थट्टामस्करी करणारे अण्णा गप्प राहायला लागले. मी दर रविवारी कळंबला जायची. सकाळी दहाच्या सुमाराला पोचायचं, दुपारचं जेवण करायचं, चारच्या आसपासची एसटी पकडून धाराशिवला परत यायचं. त्यांचं ते गप्प बसणं मला बघवत नव्हतं. आणि एका रविवारी मी त्यांना त्या पेशींबद्दल सांगायचं ठरवलं.

दुपारची वेळ होती. गिऱ्हाइकं जेवायला पांगली होती, टपरीवर कुणी नव्हतं. मी आत त्यांच्या शेजारच्या डब्यावर बसले, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक पान काढलं आणि चुन्याची काडी हातात घेतली.

“काय करायलीस?” अण्णांनी विचारलं.

“तुमच्या पोटातलं काढून दाखवते.”

पानावर मी चुन्यानं एक गोल काढला. म्हटलं, ही एक पेशी. अशा पेशींची लहान लहान बेटं असतात स्वादुपिंडात. आपण जेवलो की रक्तात साखर वाढते आणि ती या पेशीत शिरते. पेशी ती साखर जाळते, तिच्यात ताकद येते. ताकद आली की तिच्या कडेवरची एक खिडकी बंद होते, आणि ती बंद झाल्यामुळं दुसरं एक दार उघडतं. त्या दारातून बाहेरचं कॅल्शियम आत धावतं. पेशीच्या आत बारक्या पिशव्यांत इन्सुलिन भरून तयारच असतं. कॅल्शियम आत आल्याशिवाय त्या पिशव्या उघडत नाहीत. ते आलं की उघडतात, इन्सुलिन रक्तात उतरतं, आणि साखर जिथं जायची तिथं जाते.

मी गोलाच्या कडेला दार काढलं, काडीच्या टोकानं आत चुन्याचे ठिपके दिले.

अण्णांनी पान माझ्या हातातून घेऊन डोळ्यांजवळ धरलं. मग म्हणाले, “कॅल्शियम म्हंजी? चुन्यात असतंय म्हनतात, त्येच का?”

आणि मी म्हटलं, “तेच अण्णा. तुमच्या चुन्यातलंच.”

त्यांचा चेहरा बघायला हवा होता. इतकी वर्षं या माणसानं ऐकलं होतं की पानवाला म्हणजे लोकांची तोंडं लाल करणारा, भिंती घाण करवणारा. त्याच्या लेकीनं, एम.एस्सी. झालेल्या, शहरात शिकवणाऱ्या लेकीनं, त्याच्याच काडीनं त्याच्याच पानावर दाखवून दिलं की शरीराच्या आतला एवढा मोठा कारभार चुन्यातल्या गोष्टीवर चालतो. ते हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. मला तेवढंच हवं होतं. खरं सांगायचं तर होस्टेलच्या गेटवरून त्यांना परत पाठवलं होतं, ते मी त्या दिवशी फेडत होते.

“म्हंजी आमचा धंदा अगदीच वाया गेलेला न्हाय,” ते म्हणाले.

“अजिबात नाही. पण पुढं ऐका, याच्या पुढं महत्त्वाचं आहे—”

तेवढ्यात समोर स्टँडवर धाराशिवची गाडी लागली. कंडक्टरनं घंटी मारली. मी पर्स उचलली. “पुढचं पुढच्या रविवारी सांगते,” असं ओरडून पळत सुटले. गाडी वळली तेव्हा मागं बघितलं. अण्णा ते पान हातात धरून टपरीबाहेर उभे होते.

पुढच्या रविवारी पेपर तपासायचे होते. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या रविवारी गेले तेव्हा अण्णा इतके खुशीत होते की मी तो विषय विसरूनच गेले. टपरीवर दोघं-तिघं जमलेले, अण्णा बोलतायत, माणसं हसतायत. मला बघून म्हणाले, “ही बगा, हिनंच सांगितलं मला. पुस्तकातलं हाय, वाऱ्यावरचं न्हाय.” मी लाजले. कसलं कौतुक चाललंय हे विचारलंसुद्धा नाही. कौतुक माझं होतं ना, मग विचारायचं कशाला?

पुढं चार महिने असेच गेले. मी फोनवर आईला न चुकता विचारायची, “अण्णांचं औषध चालू आहे ना?”

आई म्हणायची, “व्हय माय, तू सांगितल्यापरमानं चालू हाय.”

या वाक्यात मला काहीही वावगं वाटलं नाही. रविवारी घरी गेले की फ्रिजच्या दारात इन्सुलिनच्या बाटल्या दिसायच्या. त्या त्याच होत्या, तितक्याच होत्या, हे माझ्या लक्षात आलं नाही. सुईच्या दोन्ही वेळा मी घरात नसताना यायच्या. अण्णा वाळत चालले होते. मी म्हटलं, छान, वजन उतरतंय, साखरेला चांगलंच. ते सारखं पाणी प्यायचे. मी म्हटलं, उन्हाळा आहे. तपासणी केली का विचारलं तर, “केली, ठीक आली,” म्हणायचे. शेजारणीच्या नवऱ्याला यातलं एक जरी लक्षण असतं तरी मी बोट दाखवून सांगितलं असतं. घरच्या माणसाच्या बाबतीत सगळं शिक्षण कुठं जातं कुणास ठाऊक.

लगीनसराई आली. पानाची मागणी वाढली की अण्णा जास्तीचा चुना विझवायचे. एका सकाळी माठात पाणी ओतताना उकळता चुना उसळून त्यांच्या उजव्या पायावर पडला. साखरेनं त्यांच्या पायांची जाणीव आधीच बोथट केली होती. त्यांना लागलं ते थोडंसंच. त्यांनी पाय धुतला, हळद लावली, वर फडकं बांधलं आणि टपरीवर जाऊन दिवसभर उभे राहिले. दुसऱ्या दिवशीही राहिले. नवव्या दिवशी आईचा फोन आला. मी वर्गात होते. आई कधी वर्गाच्या वेळेला फोन करत नाही.

“पायाला वास यायलाय,” ती म्हणाली. “तू ये.”

मी गेले. फडकं सोडलं. जे दिसलं ते लिहीत नाही. घरातल्या यंत्रावर साखर बघितली तर आकडाच येईना, नुसतं ‘जास्त’ एवढंच यंत्र दाखवत होतं. मी आईवर ओरडले. इन्सुलिन घेत असताना असं कसं झालं, किती टोचतेस, कधी टोचतेस?

आई गोंधळली. तिला खरोखरच कळत नव्हतं मी असं का विचारते आहे. “टोचायचं तर कवाच बंद केलं की,” ती म्हणाली. “आदी संध्याकाळचं बंद केलं, मंग सकाळचं. तूच सांगितलं म्हनले.”

“मी? मी कधी सांगितलं?”

ती आत गेली आणि एक स्टीलची डबी घेऊन आली. डबीत चुना होता. मुरलेला, गाळलेला, लोण्यासारखा मऊ. सोबत एक गव्हाचा दाणा. आमच्याकडं गुडघे दुखणाऱ्या बाया गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून घेतात, हाडाला चांगला म्हणतात. अण्णांनी तेच माप धरलं होतं. माप चुकू नये म्हणून दाणा डबीतच ठेवला होता. जेवणाआधी, सकाळ-संध्याकाळ, सुईच्या वेळेला, वाटीभर दह्यात.

“चुना आत गेला का इन्सुलिन आपोआप भाईर येतंय म्हनले,” आई सांगत होती. “पोरीनं पानावर काढून दावलं. मंग भाईरनं कशाला टोचायचं म्हनले. म्या तुला फोनवर सांगत हुते की दर येळी, तू सांगितल्यापरमानं चालू हाय म्हनून.”

अण्णा खाटेवर पडून ऐकत होते. तापानं डोळे लाल झाले होते. मला म्हणाले, “तिला बोलू नकू. तिला म्याच सांगितलं.”

मी बोलणार काय होते? आईनं माझा शब्द पाळला होता. अण्णांनी माझा शब्द पाळला होता. त्या घरात माझ्या शब्दाला इतकी किंमत आहे हे मला ठाऊक होतं, त्याचा मला आनंदच होता. चुन्यानं त्यांचं काही बिघडवलं नव्हतं, बिघडलं ते सुई बंद झाल्यानं. आणि सुई बंद झाली होती माझ्यामुळं. कुणी कितीही समजूत घातली तरी हे खरं आहे.

सोलापूरला नेलं. आधी दोन बोटं काढली. मग घोट्यापर्यंत. मग गुडघ्याखाली. डॉक्टर प्रत्येक वेळी म्हणत होते की आता थांबेल, आणि ते मनापासून म्हणत होते. पण विष रक्तात उतरलं होतं. इन्सुलिन आता नळीतून चाललं होतं, साखर खाली आली होती, सगळं जे आधी व्हायला हवं होतं ते नंतर होत होतं. मी रजा टाकून तिथंच राहिले. आई दिवसभर बाहेरच्या बाकड्यावर बसायची.

एका दुपारी अण्णांना थोडी हुशारी आली. ताप उतरला होता. खिडकीतून ऊन त्यांच्या चादरीवर आलं होतं. ते म्हणाले, “त्या दिशी गाडी लागली आन् तू पळालीस. फुडं काय हुतं?”

मला वाटलं ते भ्रमात बोलतायत. “कशाच्या पुढं?”

“पानावरच्या. दार उगडलं, चुना आत आला, पिशव्या उगडल्या. फुडं?”

मला रडू कोसळलं. ते थांबले. घाई नव्हती त्यांना. मग मी त्यांचा हात हातात घेतला, कारण तिथं पान नव्हतं, चुना नव्हता, आणि त्यांच्या तळहातावर बोटानं गोल काढला. “कळतंय का?” मी विचारलं.

“तळव्याला कळंना. तू बोल, म्या ऐकतो.”

मग मी बोलले. म्हटलं, आत आलेलं कॅल्शियम पेशीत राहू द्यायचं नसतं. त्याचं काम क्षणाचं असतं. काम झालं की पेशी त्याला बाहेर फेकते, थोडंफार आपल्या आतल्या कोठारात ठेवते. त्या कोठारातही ते बेतानंच लागतं, ते रिकामं झालं तर इन्सुलिन नीट घडत नाही. पण रक्तात साखर सदाचीच वाढलेली असली, तर दाराला बंद व्हायला सवडच मिळत नाही. कॅल्शियम येतच राहतं. पेशी ते उपसून उपसून दमते. आत नको तितकं साचतं, कोठाराचा ताळमेळ जातो, आणि मग पेशी स्वतःच स्वतःला मोडीत काढते. जे तिला कामाला लावत होतं, त्याच्यानंच ती मरते. म्हणून बाहेरून इन्सुलिन द्यायचं, अण्णा. तेवढीच तिला विश्रांती. आणि आपण खातो तो चुना काही त्या दाराशी जात नाही. रक्तात कॅल्शियम असतंच, शरीर ते मोजूनमापून ठेवतं. तुमच्याकडं ते कमी नव्हतंच कधी. कमी झाल्या होत्या पेशी.

अण्णांनी डोळे मिटले होते. मला वाटलं झोपले. पण ते बोलले.

“म्हंजी जास्त झाला का भाजतंय, कमी पडला का रंगत न्हाय. एवढंच की.”

“हो, अण्णा.”

“मंग ह्ये तर मला ठावं हाय,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, नवल होतं. “उभा जन्म त्येच केलं म्या. ह्ये आदी सांगायचं हुतं.”

मी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

“त्या राहिल्यात का काई? का समद्या गेल्या?”

“राहिल्या असतील थोड्या.”

“मंग त्येंला आता ऱ्हाऊ द्या निवांत,” अण्णा म्हणाले, आणि माझ्या हातातला हात त्यांनी सोडवून छातीवर ठेवला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. आई त्या वेळी त्यांचं तोंड पुसत होती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारातून आणलेली सतरंजी दारात अंथरली होती. वंदना झाली, दोघं-चौघं अण्णांबद्दल बोलले. सगळे चुन्याबद्दल बोलले. जेवणात खीर होती. ती वाढताना आईचा हात थबकला, कारण इतकी वर्षं खीर केली की अण्णांची वाटी तिनं वेगळी, बिनसाखरेची काढली होती. ती तशीच पातेलं धरून उभी राहिली. मी तिच्या हातातून पळी घेतली.

जेवणं आटोपल्यावर एक माणूस माझ्याजवळ आला. ढोकीच्या कारखान्याला ऊस नेणारा ट्रॅक्टर ड्रायव्हर, अण्णांचं जुनं गिऱ्हाईक. हात जोडून म्हणाला, “मॅडम, लई वाईट झालं.” मग जरा घुटमळून विचारलं, “एक इचारू का? आमच्या बायकूला बी साखर हाय. अण्णा म्हनायचे चुना घ्या, पोरीनं सांगितलंय. गव्हाएवढाच घ्यायचा ना? का जास्त चालतोय?”

अण्णांनी किती जणांना सांगितलं असेल? त्या खुशीच्या दिवसांत, टपरीवर जमलेल्या किती माणसांना? मी त्याला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. पहिल्यापासून, शेवटापर्यंत. अण्णांच्याच शब्दांत सांगितलं, भाजतं आणि रंगत नाही या शब्दांत. त्याला पाच मिनिटांत समजलं. “म्हंजी सुई सोडायची न्हाय,” तो म्हणाला. “न्हाय सोडायची,” मी म्हटलं. मग त्या आठवड्यात रोज सकाळी मी बंद टपरीसमोर उभी राहिले आणि अण्णांच्या प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाला थांबवून तेच सांगितलं. काहींनी मान डोलावली, काहींना वाटलं दुःखानं मुलीचं डोकं फिरलंय.

घरामागचा माठ आईनं ठेवला आहे. आत तळाला राहिलेला चुना वाळून दगड झाला आहे. टपरी आम्ही काढून टाकली.

मी अजून तोच धडा शिकवते. दर वर्षी येतो, टाळता येत नाही. आता मी तो शेवटाकडून सुरू करते. आधी पेशी कशी मरते ते सांगते, मग ती काय काम करत होती ते. पोरं कुरकुरतात की मॅडम, पुस्तकात हे उलटं आहे आणि एवढं परीक्षेला येतही नाही. येत नाही, मलाही माहीत आहे. त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली तरी मी कुणाला उठू देत नाही. तेर, येडशी, कळंबकडून येणारी मुलं मागच्या बाकावर चुळबुळ करायला लागतात, घड्याळाकडं बघतात, एक जण हळूच म्हणतो, मॅडम, गाडी जाईल.

जाऊ दे, म्हणते मी. एक गेली तर दुसरी येते.

त्या रविवारीही होती. कळंबहून धाराशिवला, पाऊण तासानं. मला ती माहीत होती.